होट्टी ब्यानी

वडगाव, बेळगाव
रविवार, ८ जून २०२५

प्रिय करदंट,

स. न. वि. वि. "निवांत बोलू रे" म्हणून फोन ठेवला त्याला आठ महिने झाले. मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. बाबांचा गुडघा जसाच्या तसा, आईची शुगर ठीक, मी जाडा झालोय. तब्येतीचं एवढंच.

एप्रिलात कोल्हापूरचं बिऱ्हाड हलवून आम्ही इकडं आलो हे बंड्यानं सांगितलं असेलच. तुला न कळवता आलो म्हणून तू रुसलायस हेही त्यानंच सांगितलं. तू पुण्यात फ्लॅट घेतलास तेव्हा वास्तुशांतीचं मला आदल्या रात्री कळलं होतं. तेव्हा फिट्टंफाट.

ताराला टिळकवाडीत पाचवीत घातलं. मला वाटलं, शाळा मराठी, गाव आपलं, घरात आजी-आजोबा, पोरीला जड काय जाणार? दोन गोष्टी मी हिशेबात धरल्याच नाहीत. एक म्हणजे इथली शाळा २९ मेला उघडली, कोल्हापूरची उघडणार १६ जूनला. ही इकडं दप्तर भरतेय आणि तिकडून मैत्रिणींचे व्हिडिओ कॉल, आम्ही पन्हाळ्याला आलोय, हे बघ आंबे. दुसरी गोष्ट कन्नड. २०१५ च्या कायद्यानंतर इथं कुठल्याच शाळेत त्यातून सुटका नाही, त्यामुळं हिच्या वर्गातली पोरं पहिलीपासून ते गिरवत आलीत. पाचवीचा धडा घडाघडा वाचतात. तारा अजून मुळाक्षरांत. 'र' काढला की गोलाच्या पोटात तिचं पेन टेकतं, आणि कन्नडात 'र'च्या पोटात टिंब पडलं की त्याचा 'ठ' होतो. परवा वहीवर नाव लिहिलं ते 'तारा' नाही, 'ताठा'. आई म्हणाली, "बरोबरच लिहिलंय की, बापावर गेलीय." आम्ही सगळे हसलो. तारा हसली नाही. तिनं ते पान फाडून बारीक घडी केली आणि कंपासपेटीत ठेवली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवसापासून पोट दुखायला लागलं. बरोबर सव्वाआठला. पोळीचा घास हातात, डोळ्यांत पाणी, बेंबीभोवती हात. आईनं ओवा दिला, हिंग लावला, दृष्ट काढली. सुषमा म्हणाली बाहेरचं खाल्लं असेल. मी काय म्हणालो असेन, ओळख बघू? "नाटक करतेय."

शब्द तोंडातून गेला आणि पुढचा घास मलाच गिळेना.

तुला दुसरीचा वर्ग आठवतो का? तू गोकाकहून, त्या करदंट मिठाईच्या गावाहून आला होतास, तोंडात मराठीचा एक शब्द नाही. मधल्या सुट्टीच्या आधी पोट धरून "होट्टी ब्यानी, होट्टी ब्यानी" करायचास, म्हणजे कन्नडात पोटदुखी. आम्हाला कुणाला काय कळणार? बंड्यानं जाहीर केलं की ह्याच्या पोटात बी गेलंय, आता झाड येणार. वर्गभर तुझ्या कानातून पाला निघतोय का बघत होते. गुरुजींनी मला विचारलं, तू ह्याच्या शेजारी बसतोस, काय होतंय रे ह्याला? मी म्हणालो, "काही नाही गुरुजी, नाटक करतोय." तू घंटेखाली उभा. दुपारपर्यंत. बाहेर मागांचा खटखटाट चाललेला आणि तू भिंतीकडं तोंड करून. नंतर मी तुला अर्धी चिंच दिली, तू खाल्लीस, आणि विषय संपला असं मी इतकी वर्षं धरून चाललो. सांगितलं ते मीच, हे तुला माहीत होतं का? नसेल तर आता कळलं. भांडण करायचं तर ये, घर जुनंच आहे.

डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, मग तिलाच विचारलं, रविवारी दुखतं का? नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाले, पोटात काही नाही, पण दुखतंय ते खरं आहे, खोटी म्हणू नका. आपण जन्मभर "भीतीनं पोटात गोळा आला" म्हणतो, आणि पोरीच्या पोटात आला तर ओवा शोधत बसलो.

तरी बुधवारी मी घोटाळा केलाच. रडणं बघवेना म्हणून घरी ठेवली. नऊ वाजता पोट थांबलं, दहाला बाईसाहेब आजीबरोबर लसूण सोलत बसल्या. गुरुवारी दुप्पट रडारड. एक दिवस घरी बसलं की दुसऱ्या दिवशी उंबरा उंचच होतो. सुषमानं मला फैलावर घेतलं, रास्त होतं. आता ठरलंय, पोट दुखत असलं तरी जायचं, पण खोटं पाडायचं नाही. फाटकात लांबण लावायची नाही, एक टाटा आणि मी वळतो. वळतो खरा, कोपऱ्यावरच्या पानपट्टीआडून पाच मिनिटं बघत उभा असतो. "शाळा कशी झाली?" हा प्रश्न बंद. त्याला "बरी" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी डबा कुणाबरोबर खाल्लास, एवढंच विचारतो. तीन दिवस उत्तर होतं, "खिडकीजवळ." शुक्रवारी एक नाव आलं. सुषमानं स्वयंपाकघरातून माझ्याकडं असं बघितलं की जणू लॉटरी लागली.

वर्गाच्या बाई चांगल्या आहेत. मी जाऊन भेटलो, म्हणालो थोडे दिवस हिला उभं करून वाचायला लावू नका. त्यांनी लगेच मान्य केलं आणि हिला एक वाक्य पाठ करून दिलं, "अर्थ आगलिल्ला", म्हणजे कळलं नाही. अडलं की एवढं म्हणायचं. तारा ते आरशासमोर म्हणते. काल बकरी ईदची सुट्टी, पोट ठणठणीत. आज संध्याकाळी पाऊस जरा उघडला तर शाळेपर्यंत नुसतं चालून आलो. बंद फाटकाला हात लावून परत. उद्याचं उद्या.

तुझं काय चाललंय? नोकरी बदललीस म्हणे. वहिनींची बदली झाली का? चिंटूची दहावी यंदा की पुढच्या वर्षी? अव्वांना नमस्कार सांग.

एक काम कर. उद्या, सोमवारी, सकाळी आठला फोन कर. सव्वाआठच्या आत. माझ्याशी बोलू नकोस, तिला दे म्हण. तुझ्या त्या गोकाकच्या कन्नडात बोल, पुस्तकी नको. पोट दुखायचं तेव्हा तुला आतून काय वाटायचं तेही सांग, मला कधी सांगितलं नाहीस. मी विचारलं नव्हतं.

तुझा,
विजू

ता. क. ताराला तुझ्या पोटातल्या बियांची गोष्ट सांगितली. घंटेचीही सांगितली, माझ्या नावासकट. ती बराच वेळ गप्प होती, मग विचारते, "मग झाड आलं का?" मी म्हटलं, काकाला विचार.