आधी दुरुस्तीचं दुकान टाक

मिरज,
१२ ऑगस्ट

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. नोकरी सोडलीस हे वाचून आधी छातीत धस्स झालं, मग बरंही वाटलं. सुतारकामात तुझा जीव पहिल्यापासूनच. पण नाशकात गंगापूर रोडला शोरूम भाड्याने घ्यायची, जाहिरातीला माणूस नेमायचा आणि मग गिऱ्हाइकं जमवायची, हा क्रम काही मला पटेना. मी बँकेतला माणूस, धंद्यातलं मला काय कळणार, म्हणशील. पण घर सतारमेकर गल्लीजवळ आहे. येता-जाता जे दिसतं तेच लिहितो.

इथल्या तंतुवाद्यांच्या धंद्याची सुरुवात नव्या सतारी विकण्याने झालेली नाही. शिकलगार मंडळी मुळात हत्यारं घडवणारी, धार लावणारी. संस्थानी काळात तलवारींची मागणी आटली. मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगारांनी गवयांचे बिघडलेले तानपुरे दुरुस्त करायला घेतले, असं इथे सांगतात. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन, त्यांच्या दरबारी गाणं होतं, त्यामुळे वाद्यं होती आणि ती बिघडायचीही. दुसऱ्याने केलेला तानपुरा उघडला की त्याची कुठली जोडणी टिकली आणि कुठली सुटली ते समोर येतं. शिवाय दुरुस्तीला येणारा माणूस तक्रार घेऊनच येतो. नवं घ्यायला आलेला ‘छान आहे’ म्हणून निघून जातो, त्यातून काय शिकणार?

जवारीचंच बघ. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्याला अगदी सूक्ष्म उतार द्यायचा, म्हणजे तार तिला घासून जाते आणि आवाजाला ती झणझण येते. किती घासायची याला माप नाही. सतारीत कुणाला रविशंकरांसारखी खुली, जास्त झणझणणारी जवारी हवी, कुणाला विलायत खाँसाहेबांसारखी बंद, कमी झणझणणारी. वादक समोर बसतो, छेडतो, मान हलवतो. कारागीर पुन्हा कानस चालवतो. कधी दुपार जाते त्यात. त्या दुपारचे पैसे वेगळे मिळत नाहीत, पण तोच वादक पुढे शिष्याला घेऊन येतो. जाहिरातीला माणूस नेमण्यापेक्षा मला हे खात्रीचं वाटतं.

आणि मिरजेला गाणारेही लाभले. अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, १९३७ साली गेले तेव्हा ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलं. उरसात दर्ग्यात अजून संगीत सभा होते, मोठमोठे कलाकार हजेरी लावायला येतात. बाहेरून आलेला गवई इथे गाणार आणि त्याच मुक्कामात तानपुरा दाखवून घेणार. सभेला श्रोत्यांत कारागीरही असतात. आपण लावलेला तानपुरा भरल्या मैफलीत कसा बोलतो, हे त्यांना आयतं ऐकायला मिळतं.

सगळं एकाच छपराखाली होतं असंही नाही. भोपळा येतो मंगळवेढा-पंढरपूरकडून. खायचा नव्हे, कडू, वेलावरच वाळू दिलेला. कोणी भोपळा कापून दांडीला जोडतो, कोणी नक्षी कोरतो, कोणी पॉलिश करतो, कोणाचा हात जवारीला. एकाकडे काम तुंबलं तर ते शेजारी जातं. तू मात्र कटाईपासून फिनिशिंगपर्यंत सगळी यंत्रं स्वतःच घ्यायची म्हणतोस! कर्जाचा हप्ता काढून पाहिलास का? (बँकवाल्याची खोड, जाऊ दे.) नाशकात लाकूड कातणारे कातारी असतील, वेताच्या खुर्च्या विणणारे असतील. त्यांना आधी गाठ.

गल्लीत सगळं गोडच आहे असं नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, मग तो मोबाइलमध्ये गेला आणि रियाजापुरता तानपुरा घेणारं गिऱ्हाईक बरंच कमी झालं. घोडीसाठी हस्तिदंत, सांबरशिंग चालायचं, ते वन्यजीव कायद्याने बंद झालं. उंटाचं हाड आणि कृत्रिम माल यांवर हात बसवावा लागला. तरुण पोरांना वर्षानुवर्षं कानस घासत बसणं नको असतं, आणि मजुरी बघितली की त्यांना दोष देववत नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं कौतुक मलाही आहे. मिरजेच्या नावावर दुसरीकडचा माल खपवणाऱ्यांना त्याने चाप बसेल, पण कारागिराच्या हातात दोन पैसे जास्त पडतील का, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी गिऱ्हाइकाला कारागीर थेट भेटला पाहिजे. आता काहीजण परदेशातल्या शिष्यांना मोबाइलवर वाजवून दाखवतात नि वाद्य पाठवतात. म्हणजे समोर बसवून ऐकवायची पद्धत जुनीच, माणूस तेवढा लांबचा.

म्हणून म्हणतो, शोरूम वर्षभर राहू दे. जुन्या नाशकात, पंचवटीच्या बाजूला, एखादा गाळा बघ आणि दुरुस्ती घे. वाड्यातली कपाटं, देव्हारे, मोडके झोपाळे. काम घेशील त्या घरी स्वतः जा, पोऱ्याला पाठवू नकोस; कुठे काय मोडतं आणि लोक कशाला जपतात ते तिथेच कळेल. नवीन काय करायचं, ते पुढे ठरव.

शोरूमच्या करारावर सही केली नसशील तर या शनिवारी इकडे ये. तुला एका ओळखीच्या कारागिराकडे नेतो. ते कमी बोलतात, पण काम करताना शेजारी बसू देतात. वहिनींना नमस्कार, चिमीला पापा. आणि हप्त्याचा हिशोब सोबत आण, विसरू नकोस.

तुझा,
संजय