पाणी चढण्याआधीची मदत : कोल्हापूरकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

मृग लागायला आता थोडेच दिवस उरले आहेत आणि आमच्या स्वयंसेवी मदत पथकाच्या खोलीत गेल्या पावसाळ्यातील साहित्य बाहेर काढून तपासण्याचे काम सुरू आहे. पथकात पगारी कोणीही नाही. कोणी दुकान सांभाळून, कोणी एमआयडीसीतील पाळी संपवून येथे येतो. महापुरात मदतीला धावण्याचा कोल्हापूरचा लौकिक आहेच. मात्र ती मदत बहुतेक वेळा पाणी उतरू लागल्यावर पोहोचते आणि माणसे बाहेर काढण्याची वेळ त्याआधीच येऊन गेलेली असते. म्हणून हे आवाहन यंदा पावसाळ्यापूर्वीच करीत आहोत.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. आमचे काम ३९ फुटांच्या आधी सुरू होते. सुतारवाड्यासारख्या सखल वस्तीत घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेले वृद्ध, गरोदर महिला आणि डायलिसिसवर असलेले रुग्ण यांची यादी करणे, प्रयाग चिखली व आंबेवाडी येथे जनावरे कोठे हलवायची हे ग्रामस्थांशी आधीच ठरवून ठेवणे, हे काम छायाचित्रात दिसत नाही, पण पुढचे सगळे त्यावरच उभे असते. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी एक उघडला तरी १,४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावती नदीत येते आणि ते शहराजवळ पोहोचेपर्यंत जेवढे तास जातात, तेवढेच आमच्या हातात असतात. पाणी उतरताना मात्र असा वेग नसतो. पंचगंगा जिथे कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीला कृष्णाच फुगलेली असेल, तर पंचगंगेला पुढे वाट मिळत नाही आणि शहरात ऊन पडले तरी शिरोळ तालुक्यातील गावे पाण्यातच राहतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावरील पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली, तर जुलै २०२१ मध्ये तिने ५६ फूटही ओलांडले. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि बाहेरून येणारी मदत वाटेतच थांबली. शिंगणापूर व बालिंगा येथील उपसा केंद्रे बुडाल्यामुळे चहूकडे पाणी असताना शहराचे नळ कोरडे होते. अशा दिवसांत गावातच जे साहित्य आणि जी माणसे असतात, त्यांवरच पहिले दोन दिवस काढावे लागतात. एनडीआरएफच्या तुकड्या आल्यावरही कोणत्या गल्लीत बोट वळते आणि कोठे विजेच्या तारा लोंबत आहेत, हे स्थानिक माणसालाच दाखवावे लागते.

एका पुरात आमची बोट गोठ्याच्या दारात लागली, तेव्हा घरातील आजी माळ्यावर बसून होत्या आणि म्हशीला सोडल्याशिवाय उतरायला तयार नव्हत्या. दावे पाण्याने इतके फुगले होते की गाठ सुटेना. शेवटी त्याच घरातील विळीने ते कापले, म्हैस पोहत उंचवट्याकडे गेली आणि मगच आजी बोटीत बसल्या. तेव्हापासून प्रत्येक बोटीत धारदार विळा ठेवलेला असतो. शेतातून जाताना उसाचा पाला आणि कुंपणाच्या तारा इंजिनच्या पंख्यात अडकतात, म्हणून वल्ही आणि लांब बांबूही लागतात.

बोटीत जेवढी जॅकेट, तेवढीच माणसे, हा आमचा नियम आहे आणि तो मोडण्यासाठी काठावरून कितीही आरडाओरडा झाला तरी आम्ही तो मोडत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली बोट उलटून माणसे बुडाली, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. आमच्याकडील काही जॅकेटांचे पट्टे आता कुजले आहेत. ती बाद केली, तर बोटीच्या एका फेरीत कमी माणसे येतील. म्हणून निधीचा पहिला खर्च लाईफ जॅकेटांवर होईल. त्यानंतर बोटीच्या इंजिनची दुरुस्ती, दोर, पाण्यात चालणारे टॉर्च, क्लोरीनच्या गोळ्या आणि घरातील गाळ काढण्यासाठी चिखल ओढणारे पंप अशी गरज आहे. ज्यांना रोख देणगी द्यायची नसेल, त्यांनी यांपैकी एखादी वस्तू नवी घेऊन दिली तरी चालेल. वैरण किंवा ताडपत्री देऊ इच्छिणाऱ्यांनी ती आत्ता आणू नये. गरज पडताच कळवता येईल, यासाठी फक्त नाव व प्रमाण नोंदवून ठेवावे.

जुने कपडे मात्र कृपया पाठवू नयेत. मागे आलेल्या गठ्ठ्यांत फाटक्या चादरी होत्या आणि एक जरीची शेरवानीही होती. ते वेगळे करण्यात आमची चार माणसे दोन दिवस गुंतली, तेव्हा गाळ उपसायला हात कमी पडत होते.

पैशाइतकीच माणसांची गरज आहे. उत्तम पोहता येणाऱ्या तालमीतील मुलांचे स्वागतच आहे, परंतु पोहता न येणाऱ्यांनाही काम भरपूर आहे : निवारा केंद्रात नोंदी ठेवणे, औषधे वाटणे, फोन घेणे, भांडी धुणे. पाण्यातील कामासाठी जूनच्या पहिल्या दोन रविवारी सकाळी राजाराम तलावावर सराव होईल आणि जो सरावाला आला नाही, तो कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी त्याला बोटीवर घेतले जाणार नाही.

देणगी पथकाच्या खोलीवर रोज संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत स्वीकारली जाईल. पावती घेतल्याशिवाय कोणीही पैसे देऊ नयेत. आमचा कार्यकर्ता देणगीसाठी दारोदार फिरत नाही. जमाखर्चाचा फलक खोलीबाहेर लावलेला असतो. नाव नोंदवताना रक्तगट आणि घरातील एका व्यक्तीचा संपर्क क्रमांक सोबत आणावा.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ व सर्व स्वयंसेवक