मृणालला पत्र

इंदूर

प्रिय मृणाल,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पीएचडीच्या फीसाठी तुझे बाबा शेतावर कर्ज काढायला निघालेत, हे तुझ्या पत्रात वाचून जिवाला घोर लागला. त्यांना आधी थांबव. आपल्या विषयात, स्मार्ट मटेरियल्समध्ये (उष्णता किंवा चुंबकाला प्रतिसाद देऊन बदलणाऱ्या पदार्थांत), पदरचे पैसे घालून पीएचडी करायची नसते गं! संशोधन हे काम आहे आणि कामाचे पैसे मिळायलाच हवेत. तू सीएसआयआर-नेटची, म्हणजे संशोधनवृत्तीच्या राष्ट्रीय परीक्षेची, तयारी सोडू नकोस. जेआरएफला (सुरुवातीच्या संशोधनवृत्तीला) दरमहा ३७,००० रुपये मिळतात, एसआरएफ (त्यापुढची पायरी) झालं की ४२,०००, शिवाय घरभाडं वेगळं. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. गेट या प्रवेशपरीक्षेचे गुण चांगले असतील तर आयआयटीचा रस्ताही आहेच.

प्रकल्पातल्या जेआरएफच्या जाहिराती निघतात, त्यांना मात्र नीट विचारून घे. प्रकल्पाची किती मुदत उरली आहे? पीएचडीला नाव नोंदवता येईल का? पैसे प्रकल्पाबरोबर संपतात आणि मुलं मधेच लटकतात, हे मी जवळून पाहिलंय.

तू विचारलंस, नेमकं करतेस काय? परवा धाकट्या भावाला निकेल-टायटॅनियमची तार दाखवली. त्याने ती बोटाला गुंडाळून पार वेडीवाकडी केली. गरम पाण्यात टाकली मात्र, ताडकन सरळ! तापल्यावर आतल्या अणूंची मांडणी बदलते आणि तार आपला मूळ आकार घेते. याच गुणावर रक्तवाहिनीत आपोआप उघडणारे स्टेंट बनतात. आता असे मिश्रधातू उष्णतेऐवजी चुंबकीय क्षेत्राने कसे हलवता येतील, यावर खूप काम चाललंय आणि मला त्यातच रस आहे.

त्यासाठी इंदूरसारखी जागा नाही. राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ आहे, २.५ जीईव्ही ऊर्जेचा सिंक्रोट्रॉन, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र. त्याच्या क्ष-किरणांत अणूंची ही हालचाल टिपता येते. बाहेरच्या विद्यापीठांतली मुलंही प्रस्ताव देऊन तिथे मोजमापं करतात. खंडवा रोडवर, विद्यापीठाच्या आवारातच यूजीसी-डीएई हे संशोधन केंद्र आहे. अतिशीत तापमान नि जबर चुंबकीय क्षेत्र हवं असेल तर तिथे. सिमरोलला आयआयटी. म्हणून म्हणते, शहर किंवा देश नंतर बघ, आधी तुला लागणारं यंत्र कुठे आहे ते बघ.

युरोपचं म्हणशील, तर मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्क या युरोपीय संघाच्या योजनेतल्या जागा शोध. तिथे पीएचडीचा विद्यार्थी करारावरचा पगारी नोकर असतो आणि कुठल्याही देशाच्या मुलांना अर्ज करता येतो. मुख्य अट अशी, की ज्या देशात जायचं तिथे गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. तुझा तर पासपोर्टही कोरा आहे! तुझ्या दादाला सांग, मेरी क्युरीचीच पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या संशोधनाची) फेलोशिप पीएचडीनंतर ८ वर्षांपर्यंतच्या संशोधन-अनुभवाला चालते. पण यजमान प्राध्यापक आधी गाठावा लागतो, प्रस्ताव त्यांच्याबरोबरच लिहायचा असतो. त्याला भारतातच थांबायचं असेल तर रिसर्च असोसिएटला (पीएचडीनंतरच्या संशोधकाला) दरमहा ५८,००० पासून सुरुवात आहे.

आणि प्राध्यापकांना ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम इंटरेस्टेड’ छापाची मेल मुळीच पाठवू नकोस. त्यांचा एक पेपर मन लावून वाच. त्यातल्या एका आलेखाबद्दल तुला पडलेला खरा प्रश्न लिही आणि एमएस्सीला पातळ थर बनवताना तू स्वतः काय केलंस ते चार ओळींत सांग. तुझं ते काम फार नेटकं होतं, सगळ्या वर्गाला माहीत आहे.

मसुदा आधी मला पाठव, मी त्याच रात्री वाचून परत करते. मुलाखतीला इकडे आलीस तर रामबागेत आमच्याकडेच उतरायचं, आईने बजावून सांगितलंय.

काका-काकूंना नमस्कार.

तुझीच,
अनघा