गाडी चुकली त्या रात्री

महोदय,

नोकरीमुळे महिन्यातले दहा-बारा दिवस मी प्रवासात असतो. परवा गाडी चुकली आणि पहाटेपर्यंत फलाटावरच आडवा झालो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ झोपले होते. बूट उशाला, पिशवीचा बंद मनगटाला बांधलेला. दोनच्या सुमारास पोलीस आला. त्यांना काठीनं उठवलं, मला मात्र म्हणाला, ‘साहेब, बॅग सांभाळा.’ माझ्या खिशात तिकीट आहे का, हेसुद्धा त्यानं पाहिलं नाही.

माझ्या कानात तेव्हा फिल कॉलिन्स या ब्रिटिश गायकाचं १९८९ सालचं ‘अनदर डे इन पॅरडाइज’ हे गाणं होतं. रस्त्यावर राहणारी बाई मदत मागते आणि माणूस ऐकलं न ऐकलंसं करून निघून जातो. कॉलेजात आम्ही त्यावर चक्क नाचायचो! १९९१ मध्ये त्याला ग्रॅमीही मिळालं. ज्युएल ही गायिका नाव होण्याआधी मोटारीत राहायची, हेही लोक कौतुकानं सांगतात. नाव झालं म्हणून कौतुक, नाहीतर काठीच.

कुणी आडवं होऊ नये म्हणून बाकांच्या मधोमध बसवलेले लोखंडी दांडे तेवढे काढा, एवढंच रेल्वेला सांगणं आहे.

गृहस्थांचा एक बूट तिथेच राहिला होता. गाडी आल्यावर मी तो बाकाखाली सरकवून ठेवला.

– एक प्रवासी