आठ तास झोप, पण कोणते आठ?

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, झोप आठ तास होते ना, मग ती दिवसा घेतली काय नि रात्री घेतली काय!" आणि लगेच विचारलंस की रात्रपाळीतली बरीच मुलं अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेतात, मीही सुरू करू का. तेवढ्यात तुझा ब्रेक संपला. म्हणून हे पत्र.

माझी नोकरी लॅबमध्ये रक्ताच्या काचपट्ट्या बघण्यात गेली, तेव्हा सुरुवात तांबड्या पेशीपासूनच करते. या पेशीत जनुकं ठेवणारं केंद्रक नसतं, ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रियाही नसतात. परिपक्व होतानाच ती हे सगळं काढून टाकते आणि पुढे सुमारे १२० दिवस निव्वळ ऑक्सिजन वाहते. शरीराचं घड्याळ, म्हणजे आतली दिवस-रात्र पाळणारी यंत्रणा, जनुकांवर चालतं हे एव्हाना पक्कं झालं होतं. मग जिच्यात जनुकंच उरली नाहीत, तिला कसलं आलंय घड्याळ?

केंब्रिजमधल्या ओनील आणि रेड्डी या दोन संशोधकांनी २०११ साली नेमकं हेच तपासलं. माणसांच्या तांबड्या पेशी काढून त्यांनी ३७ अंशांवर, मिट्ट काळोखात ठेवल्या आणि ठरावीक तासांनी नमुने घेत राहिले. आता, हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून असताना मधूनमधून स्वतःच गंजतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो. तो निस्तरायला पेरॉक्सिरेडॉक्सिन नावाचं प्रथिन असतं. पेरॉक्साइड फार झाला की या प्रथिनाचंही ऑक्सिडेशन होतं आणि ते काही काळ कामातून जातं. त्या दोघांना दिसलं ते असं, की या गंजलेल्या प्रथिनाचं प्रमाण साधारण २४ तासांच्या तालात चढतं आणि उतरतं. उजेड नाही, जेवण नाही, मेंदूचा निरोप नाही, तरी नळीतल्या रक्ताला वेळ कळत होती! इतकी वर्षं ज्या पेशी मी नुसत्या मोजल्या, त्यांच्याबद्दल हे वाचून मी अवाक् झाले होते.

पुढच्याच वर्षी हाच ताल जिवाणूंपासून माणसापर्यंत सापडला. म्हणजे ऑक्सिजन हाताळणं आणि वेळ पाळणं यांची सांगड फार जुनी आहे.

बाकीच्या पेशींत जनुकांचं घड्याळ असतंच. बीमॅल१ आणि क्लॉक ही प्रथिनं पीरियड आणि क्रिप्टोक्रोमची जनुकं चालू करतात, त्या जनुकांपासून बनलेली प्रथिनं साठली की उलट याच जोडीला थोपवतात, मग हळूहळू विरून जातात आणि फेरा पुन्हा सुरू. एका फेऱ्याला सुमारे एक दिवस लागतो. फळमाश्यांवरच्या अशाच कामासाठी २०१७ चं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना मिळालं, ते तुला आठवत असेल.

तुझ्या प्रश्नाशी संबंध येतो तो इथे. हे घड्याळ नुसती झोप-जाग ठरवत नाही. अन्न जाळून ऊर्जा काढायला पेशीला एनएडी नावाचा रेणू लागतो, आणि तो बनवणारं एक महत्त्वाचं एन्झाइम घड्याळाच्या हुकमात असतं. त्यामुळे एनएडीलाही दिवसभरात भरती-ओहोटी येते. ग्लुटाथिऑनसारख्या संरक्षक द्रव्यांचंही तेच. पावसाआधी घर शाकारावं, तशी पेशी ज्वलन वाढायच्या आधीच बंदोबस्त करून ठेवते. उंदरांमध्ये बीमॅल१ काढून टाकलं तेव्हा ते अकाली म्हातारे झाले: स्नायू झडले, डोळ्यांत मोतीबिंदू आले, काही अवयवांत ऑक्सिडेशनचा मारा वाढलेला दिसला. अर्थात ते घड्याळच नसलेले उंदीर. तुझं शाबूत आहे, फक्त त्याची ओढाताण चालली आहे. घाबरून जाऊ नकोस.

ओढाताण कशी, तर मेंदूतलं मुख्य घड्याळ डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर वेळ जुळवतं, आणि यकृताचं घड्याळ मुख्यतः जेवणावर. उंदरांना भलत्या वेळी खायला घातलं की यकृताचं घड्याळ त्या वेळेकडे सरकतं, मेंदूचं मात्र जागचं हलत नाही. तू पहाटे दोनला डबा उघडतोस तेव्हा तुझ्यात हेच होत असणार. २०२१ मध्ये रात्रपाळीची नक्कल करून माणसांवर प्रयोग झाला. रात्रीही जेवणाऱ्यांची साखर चढली, दिवसाच जेवणाऱ्यांची चढली नाही. जागरण दोघांचं सारखंच होतं, बरं का. म्हणून मी म्हणेन, पाळी बदलून मिळेपर्यंत निदान मुख्य जेवण कामावर जायच्या आधी उरकून घे आणि मध्यरात्रीनंतर पोट हलकं ठेव.

आता गोळ्या. अँटिऑक्सिडंट म्हणजे पेरॉक्साइडसारख्या गंजवणाऱ्या द्रव्यांना आवरणारे पदार्थ. पेरॉक्साइड हा निव्वळ कचरा नव्हे. थोड्या प्रमाणात तो पेशीला निरोपही पोचवतो. तो कधी वाढवायचा, कधी आवरायचा हे पेशी वेळेनुसार बघते, आणि गोळीला वेळ कळत नाही. शिवाय गोळ्या निरुपद्रवीच असतात असंही नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट दिलं होतं. १९९४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला निघाला. तू सिगरेट ओढत नाहीस (असं मी धरून चालते), तरी "घेतल्या तर काय बिघडलं" हे मला पटत नाही.

त्या पैशांत खोलीला जाड पडदे होतील. दिवसा झोपायचंच आहे तर काळोख तरी पुरता हवा. खिडक्यांची लांबी-रुंदी कळव, मी शिवून पाठवते.

तुझी,
आई