मिसिंग कुठे आहे ते आधी शोधा

महोदय,

गाडी मिसिंग करू लागली, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटेनासे झाले, की ठिणगी पाडणारे चारही प्लग आणि त्यांना व्होल्टेज पुरवणाऱ्या चारही कॉइल एकदम बदलून मोकळे व्हायचे, हा प्रकार सर्रास झाला आहे. प्लगचे समजू शकते, ते झिजणारच. साधे निकेलचे प्लग ३० ते ४० हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे ८० हजार ते १ लाख. कॉइलला मात्र अशी ठरलेली मुदत नसते. ती गेली आहे हे सिद्ध झाल्यावरच बदलावी.

गाडीतले दोषाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०२ आला म्हणजे दुसरा सिलिंडर मिसिंग करतो आहे, एवढेच कळते. कारण त्यातून कळत नाही. इंजिन बंद करून दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, कोड पुसावा आणि गाडी चालवून पाहावी. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला. कोड जागचा हलला नाही तर प्लगची अदलाबदल करावी. तरीही तोच कोड, तर कॉइलचा कनेक्टर, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर आणि शेवटी सिलिंडरमधला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, तपासावे. एकच कॉइल १ आणि ४ अशा दोन सिलिंडरना ठिणगी देत असेल आणि ते दोन्ही जोडीने मिसिंग करत असतील, तर संशय थेट कॉइलवर घ्यायला हरकत नाही. पी०३०० (मिसिंग आहे, पण ठरावीक सिलिंडरचे नाही) एकटाच आला तर आधी हवेची गळती आणि इंधनाचा दाब तपासावा.

आयडलिंगला गाडी शांत, पण चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की झटके, अशी तक्रार नेहमीची आहे. लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते. फट झिजून रुंदावली असेल किंवा कॉइलच्या रबरी बुटाला (प्लगवर बसणाऱ्या नळीला) भेग असेल, तर ठिणगी सोपी वाट शोधून बाहेरूनच इंजिनाच्या धातूच्या हेडकडे उडते. उभ्या गाडीला नुसती रेस देऊन ‘काही दोष नाही’ म्हणणाऱ्यांना ती सापडायची नाही. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक काळी उभी रेघ दिसली, तर प्लग आणि बूट दोन्ही बदलावेत. जुन्या बुटातली रेघ नव्या प्लगलाही खराब करते.

काढलेला प्लग नीट पाहावा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळे ठीक. कोरडी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर, पांढरे फटक आणि फोड आलेले टोक म्हणजे अतिउष्णता. तेलाच्या बाबतीत मात्र गल्लत फार होते. प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग ज्या खोल भोकात बसतो तिथे, तेल साचले असेल तर टॅपेट कव्हरचे पॅकिंग किंवा तिथले सील गेलेले असते. टोकच तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. पहिले काम किरकोळ आहे, दुसरे इंजिन उघडण्याचे.

कॉइल उपसून, प्लग हेडला टेकवून ठिणगी पाहायची जुनी सवय सोडावी. व्होल्टेज २० हजारांच्या वर असते, शेजारी उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते आणि ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइलही जळते. इंजेक्टरचे कनेक्टर काढून स्पार्क टेस्टर लावावा.

नवा प्लग थंड इंजिनातच, विहीर हवेने साफ करून, आधी हाताने फिरवत बसवावा. वॉशरचा नवा प्लग हाताने टेकल्यावर पान्याने अर्धा ते पाऊण फेरा पुरतो. निमुळत्या बैठकीच्या प्लगला एक सोळांश फेरा. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले तर खर्च कॉइलपेक्षा मोठा होतो.

वर्कशॉपनी बिलावर सापडलेला कोड आणि अदलाबदलीनंतर आलेला कोड दोन्ही लिहावेत आणि काढलेले प्लग सिलिंडरचा क्रमांक टाकून ग्राहकाला परत द्यावेत.

— एक वाहन तंत्रज्ञ