निर्बंध रातोरात, सवलत मात्र तारीख पाहून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कांद्यावरील २० टक्के निर्यात शुल्क केंद्र सरकारने १ एप्रिल २०२५ पासून रद्द केले. उसाच्या रसापासून, पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल तयार करण्यावरील निर्बंध त्याआधीच, २०२४-२५ च्या हंगामासाठी, उठवण्यात आले होते. त्यामुळे या दोन्ही विषयांवरील ओरड शमली आहे. निर्बंध चांगले की वाईट, हा वाद त्या काळात पुष्कळ झाला आणि तो मला पुन्हा उकरायचा नाही. निर्बंध लावण्याची पद्धत काय असावी, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलले नाही, आणि शेतकऱ्यापासून प्रक्रिया उद्योगापर्यंत सर्वांचे खरे नुकसान त्या पद्धतीनेच केले, असे मला निफाड तालुक्यातून पाहताना वाटते.

७ डिसेंबर २०२३ ही तारीख या भागात सहजी विसरली जाणार नाही. त्या एका दिवशी कांद्याच्या निर्यातबंदीची अधिसूचना निघाली आणि त्याच दिवशी उसाचा रस व साखरेचा पाक इथेनॉलसाठी वापरू नये, असा आदेश साखर कारखान्यांना गेला. कांद्याची बंदी दुसऱ्या दिवसापासून अमलातही आली. ज्यांचा माल जहाजात भरण्यास सुरुवात झाली होती किंवा सीमाशुल्क विभागाच्या ताब्यात गेला होता, त्यांना सवलत मिळाली. परंतु ज्याने सौदा करून बाजार समितीत माल खरेदी केला होता, निवड आणि भरणी करून तो गोण्यांत बांधून ठेवला होता, त्याच्यासाठी त्या आदेशात जागा नव्हती.

डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. उन्हाळ कांद्याप्रमाणे तो साठवणुकीच्या चाळीत चार-पाच महिने टिकत नाही. पात कापून, थोडा सुकवून तो ट्रॉलीत भरला की काही दिवसांत विकावाच लागतो, नाहीतर कोंब फुटतात किंवा सड लागते. म्हणजे ज्या पिकाला थांबताच येत नाही, नेमके त्याच पिकाच्या ऐन आवकेत दार बंद झाले. जिल्ह्यातील लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले आणि लिलाव सुरू झाल्यानंतर दोनेक आठवड्यांत भाव जवळपास निम्म्यावर आले. हे पीक शेतात असतानाच ऑगस्टात ४० टक्के निर्यात शुल्क लागले आणि ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचे किमान निर्यातमूल्य ठरले, म्हणजे त्याहून कमी दराने माल बाहेर पाठवता येईना. पीक एकच, पण लागवड ते काढणी या काळात त्याचे नियम तीनदा बदलले.

पुढे ४ मे २०२४ रोजी बंदी उठल्याच्या ठळक बातम्या आल्या. प्रत्यक्षात टनाला ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि त्यावर ४० टक्के शुल्क, म्हणजे ७७० डॉलर, किलोमागे साधारण ६४ रुपये, ही तळाची रेषा होती. पाकिस्तानचा आणि इजिप्तचा कांदा समोर असताना आखातातला कोणता खरेदीदार या दराने आपल्याकडे वळेल? सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य काढून शुल्क निम्म्यावर आणले गेले. उरलेले २० टक्के रद्द करण्याचा निर्णय २२ मार्च २०२५ रोजी जाहीर झाला आणि अंमल १ एप्रिलपासून. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. सरकारला आदेश आणि अंमल यांच्यात अंतर ठेवता येते. ते फक्त सवलतीच्या वेळी सुचते.

इथेनॉलचे प्रकरण आकाराने मोठे, पण जात तीच. २०१८ पासून केंद्रानेच व्याज सवलतीच्या योजना आणून कारखान्यांना आसवन्या (इथेनॉल गाळण्याचे प्रकल्प) उभारण्यास, असलेल्यांची क्षमता वाढवण्यास प्रोत्साहन दिले. सहकारी कारखान्यांनी त्यासाठी कर्जे घेतली. इथेनॉलचे पुरवठा वर्ष नोव्हेंबरात सुरू होते, त्यामुळे ७ डिसेंबरचा आदेश आला तेव्हा तेल कंपन्यांशी करार झालेले होते आणि गाळपही सुरू होते. आठवड्याभरात, १५ डिसेंबरला, १७ लाख टन साखरेइतक्या मर्यादेत परवानगी देऊन आदेश सौम्य करावा लागला. पाऊस कमी झाल्याने साखर घटेल, हा त्यामागचा अंदाज होता. हंगाम संपला तेव्हा महाराष्ट्राचे उत्पादन सुमारे ११० लाख टन झाले होते, आदल्या हंगामातील सुमारे १०५ लाख टनांपेक्षा अधिक. अंदाज चुकू शकतो, त्याबद्दल कोणाला फाशी देण्याचे कारण नाही. परंतु त्या चुकीची किंमत करार मोडणाऱ्या सरकारने न मोजता कर्ज फेडणाऱ्या कारखान्याने आणि पर्यायाने उसाच्या बिलाची वाट पाहणाऱ्या सभासदाने मोजली. २०१८-१९ मध्ये क्विंटलला २७५ रुपये असलेली उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान रास्त भाव, २०२५-२६ साठी ३५५ रुपये झाली, हे योग्यच. पण साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला तो २०२४-२५ चा हंगाम संपेपर्यंत तसाच होता. या तफावतीत कारखान्याला इथेनॉलचाच आधार, आणि तोच मध्येच काढून घेतला गेला.

याच सरकारला दुसरी रीत ठाऊक नाही, असेही नाही. १९६६ चा साखर नियंत्रण आदेश बदलताना मसुदा ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, सूचना मागवल्या गेल्या आणि नवा आदेश मे २०२५ मध्ये निघाला. रोज ५०० टनांहून अधिक गाळप करणाऱ्या खांडसरी (पारंपरिक पद्धतीच्या साखरेच्या) युनिटांना त्याने कक्षेत आणले, उपपदार्थांच्या व्याख्या केल्या, कारखान्यांची माहिती थेट संगणकाद्वारे केंद्रीय मंत्रालयाला जोडण्याची तरतूद केली. यातील काही कलमांवर मतभेद आहेत, पण अचानक घाव घातल्याची तक्रार कोणी करू शकत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. वेष्टनावरील मजकुराचे बदललेले नियम वर्षातून एकाच दिवशी, १ जुलैला, आणि अधिसूचनेनंतर किमान १८० दिवसांनी लागू करण्याचे त्याचे धोरण आहे, जेणेकरून उद्योगाकडील छापील वेष्टने वाया जाऊ नयेत. बिस्किटाच्या पुड्याच्या कागदाला सहा महिने आणि पुड्यात न जाणाऱ्या कांद्याला एक रात्रही नाही, हा न्याय मला समजलेला नाही.

ग्राहकाला रास्त भावात कांदा-साखर मिळाली पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण त्यासाठीच तर नाफेड आणि एनसीसीएफ या राष्ट्रीय सहकारी संस्थांमार्फत लाखो टन कांद्याचा राखीव साठा केला जातो. तो वेळेवर बाजारात आणणे हा पहिला उपाय असावा, निर्यातबंदी शेवटचा. आणि ती लावायचीच तर कोणता भाव किंवा किती साठा झाल्यावर लागेल, हे लागवडीपूर्वी जाहीर असावे. तसेच झालेल्या व नोंदवलेल्या सौद्यांना ती लागू नसावी. ऊस व इथेनॉलबाबतचे वर्षाचे धोरण १ ऑक्टोबरपूर्वी ठरावे आणि हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावू नये.

पूर्वसूचना दिली तर व्यापारी घाईने माल बाहेर पाठवतील, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो खोटा नाही. मात्र सवलत फक्त अधिसूचनेच्या आधीच्या तारखेच्या, बँकेत पतपत्र (लेटर ऑफ क्रेडिट) उघडलेल्या करारांपुरती ठेवली, तर घाईला वाव राहत नाही आणि कागद तपासणे सीमाशुल्क विभागाला अवघड नाही. राज्य सरकारने आणि नाशिक, नगर, सोलापूरच्या खासदारांनी ही एवढी एकच तरतूद विदेश व्यापार धोरणात सक्तीची करून घ्यावी, अशी आपल्या पत्राद्वारे विनंती आहे.

आपला,
एक वाचक, निफाड (जि. नाशिक)